सॅमसंग ९७० इव्हो प्लस आणि डब्ल्यूडी रेड प्लस : घरच्या कॉम्प्युटरवर वापरून पाहिलेली जोडी

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. घरच्या कॉम्प्युटरला विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू कामासाठी एक चांगल्या जातीची एनव्हीएमई एसएसडी (आत काहीच न फिरणारी, चिपवर साठवणारी वेगवान ड्राइव्ह) हवी, जुन्या आणि मोठ्या फायलींसाठी एक साधी हार्ड डिस्क हवी आणि या दोन्हींचा बॅकअप घ्यायला दोन बाहेरच्या डिस्क हव्यात. आमच्याकडे पहिल्या जागी १ टीबीची सॅमसंग ९७० इव्हो प्लस आहे, दुसऱ्या जागी ४ टीबीची डब्ल्यूडी रेड प्लस. दोन्ही रोजच्या वापरात आहेत, दोन्ही मला आवडल्या आहेत. पण ही जोडी वापरताना एक गोष्ट पक्की पटली. लोक वेगासाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त पैसे घालतात आणि भरवशाची वेळ आली की हात आखडता घेतात.

माझं काम सांगते, म्हणजे मी कशावरून बोलतेय ते कळेल. मी पक्ष्यांचे फोटो काढते. एका सकाळी पाच-सातशे रॉ फायली, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या मूळ फायली, सहज जमतात, एकेक पंचवीस-तीस एमबीची. त्या लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायच्या, निवडायच्या, नको त्या काढून टाकायच्या. लाइटरूमचा कॅटलॉग म्हणजे एक मोठा डेटाबेस आणि त्याच्या शेजारी प्रीव्ह्यूच्या हजारो बारीक फायली. याच कॉम्प्युटरवर नवऱ्याचे हिशेब असतात आणि संध्याकाळी मुलाचे गेम.

आता वेगाचं. एसएसडीच्या खोक्यावर जो मोठा आकडा छापलेला असतो तो सलग वाचनाचा असतो, म्हणजे एकच भलीमोठी फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली तर किती वेग मिळेल तो. ९७० इव्हो प्लसवर ३,५०० एमबी प्रतिसेकंद लिहिलेलं आहे आणि तेवढा वेग ती देतेसुद्धा. पण घरात आपण असं वाचन कितीदा करतो? कॉम्प्युटर सुरू होताना, सॉफ्टवेअर उघडताना, लाइटरूममध्ये एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना ड्राइव्हवरच्या शेकडो ठिकाणांहून चार-चार केबीचे तुकडे उचलले जातात. क्रिस्टलडिस्कमार्क हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवा आणि सगळ्यात खालची ओळ बघा. तिथे हेच मोजलेलं असतं : चार केबीचे तुकडे, इकडून तिकडून, एका वेळी एक. आमच्या ९७० इव्हो प्लसचा तिथला आकडा साठ एमबीच्या आतबाहेर येतो. मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये क्रुशल एमएक्स५०० ही साटा, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची एसएसडी आहे, तिचा तीस-पस्तीस. आणि हार्ड डिस्कचा? एका एमबीच्याही आत.

हार्ड डिस्क इथे इतकी मागे का पडते, त्याचं गणित पाटीवर मांडण्याइतकं सोपं आहे. मिनिटाला ५,४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी दहाएक मिलिसेकंद. म्हणजे एका सेकंदात साठ-पासष्ट तुकडे मिळाले तर खूप. चार केबीने गुणलं की पाव एमबी होते. टेस्ट प्रोग्राम डिस्कच्या एका छोट्या भागातच फिरतो, म्हणून त्याचा आकडा थोडा बरा येतो, पण दुखणं तेच. फिरणारी तबकडी आहे, ती यापेक्षा लवकर हाताशी येत नाही. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, म्हणून तिथे हा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उतरतो.

आता या आकड्यांकडे पुन्हा बघा. हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर गेलं की फरक तीस-चाळीस पटींचा पडतो. साटावरून एनव्हीएमईवर गेलं की फार तर दुपटीचा. एनव्हीएमईतल्या एनव्हीएमईत, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईवरून (एनव्हीएमई ड्राइव्ह कॉम्प्युटरशी ज्या रस्त्याने बोलते तो) चौथ्या पिढीवर गेलं की खोक्यावरचा आकडा साडेतीन हजारांवरून सात हजारांवर उडी मारतो, पण खालच्या ओळीत थोडीशीच भर पडते. म्हणून मुलाच्या त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये एमएक्स५०० बसवली तेव्हा घरात जेवढा आनंद झाला, तेवढा नंतरच्या कुठल्याच खरेदीने झाला नाही. साटाचा रस्ता ५५०-५६० एमबीच्या पुढे जात नाही हे खरंच आहे, पण जुन्या मशीनला त्याने नवा जन्म मिळतो. तुमच्याकडे अजून विंडोज हार्ड डिस्कवर असेल तर बाकी काही वाचू नका, आधी तेवढं करा.

पाचव्या पिढीच्या ड्राइव्हबद्दल थोडक्यात. सेकंदाला १४ जीबीपर्यंत जाणाऱ्या ड्राइव्ह आल्या आहेत. त्या तापतात, मोठा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारं धातूचं झाकण) मागतात आणि घरच्या कामात त्यांचा तो वेग पोचवायला समोर तितकीच वेगवान दुसरी ड्राइव्ह लागते. आठ-के व्हिडिओचं संपादन पोटापाण्यासाठी करणाऱ्याने जरूर घ्यावी. मी घेणार नाही.

९७० इव्हो प्लसमध्ये मला सगळ्यात काय आवडलं असेल तर तिचं सातत्य. यात टीएलसी जातीची फ्लॅश, म्हणजे मजकूर साठवणारी चिप, आहे, तिच्या एका सेलमध्ये तीन बिट. शिवाय स्वतःची डीरॅम, म्हणजे छोटी वेगवान तात्पुरती मेमरी, आहे. कुठला तुकडा कुठे ठेवलाय याचा नकाशा ड्राइव्ह त्या डीरॅममध्ये ठेवते, त्यामुळे ड्राइव्ह बरीच भरली तरी शोधाशोध होत नाही. स्वस्त ड्राइव्हमध्ये ही डीरॅम नसते, त्या कॉम्प्युटरच्याच मेमरीतला थोडा तुकडा उसना घेतात. साध्या वापराला तेही चालतं. पण क्यूएलसी जातीची फ्लॅश, म्हणजे एका सेलमध्ये चार बिट, आणि वर डीरॅम नाही, हे दोन्ही एकत्र आलं की मोठ्या कॉपीत पाणी कुठे मुरतंय ते दिसतं.

ते मी दिरांच्या कॉम्प्युटरवर अगदी समोर बसून पाहिलं. कुठल्या कंपनीची ड्राइव्ह ते सांगत नाही. लग्नाच्या व्हिडिओचा मोठा फोल्डर कॉपी करायचा होता. विंडोजच्या त्या हिरव्या आलेखात रेघ सुरुवातीला वर, अगदी टेकडीच्या माथ्यावर. ते म्हणाले, "वहिनी, बघा कशी पळतेय." अर्ध्याच्या जरा पुढे गेल्यावर रेघ एकदम खाली कोसळली आणि ८० एमबीच्या आसपास आडवी पडून राहिली. पुढचा सगळा वेळ तशीच. याचं कारण असं की प्रत्येक अशी ड्राइव्ह रिकाम्या जागेचा काही भाग तात्पुरता एका बिटाच्या पद्धतीने वापरते, तो भाग फार वेगाने लिहिला जातो. तो भरला की मग फ्लॅशचा खरा वेग उघडा पडतो, आणि क्यूएलसीचा खरा वेग हार्ड डिस्कपेक्षाही कमी असू शकतो. ड्राइव्ह जितकी भरलेली, तितका हा वेगवान भाग लहान. रोज चार पत्रं आणि दोन एक्सेल शीट लिहिणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळेल.

इथे माझी एक तक्रार आहे आणि ती सगळ्याच उत्पादकांशी आहे. ही माहिती खोक्यावर नसते. टीएलसी की क्यूएलसी, डीरॅम आहे की नाही, वेगवान भाग केवढा, तो संपल्यावर वेग किती, हे चार आकडे छापायला कितीशी जागा लागते? त्यात भर म्हणजे नाव तेच ठेवून आतला माल बदलतात. क्रुशल पी२ आधी टीएलसीसह आली आणि २०२१ मध्ये त्याच नावाने क्यूएलसीसह विकली जाऊ लागली. आमची ९७० इव्हो प्लससुद्धा यातून सुटलेली नाही. त्याच वर्षी सॅमसंगने तिचा कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार चालवणारी चिप, बदलला. वेगवान भाग मोठा झाला, पण तो संपल्यानंतरचा वेग उतरला. माझ्या कामात ते जाणवत नाही, तरी जुनी परीक्षणं वाचून नवा माल घेणाऱ्याला हे आधी माहीत असायला हवं. घ्यायच्या आधी ताजी परीक्षणं शोधा आणि त्यात दीर्घ लेखनाचा आलेख दिलाय का ते बघा.

एसएसडी झिजते म्हणून घाबरणारे अजून भेटतात. १ टीबीच्या ९७० इव्हो प्लसची वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०० टीबी लेखन, यातलं जे आधी संपेल ते. रोज ४० जीबी लिहिलं, आणि ते बरंच झालं, तरी ६०० टीबी भरायला ४१ वर्षं लागतील. ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये आत्तापर्यंतचं लेखन दिसतं. माझ्यासारखीचं, जी फोटोंचा ढीग उपसत असते, तिचंही लेखन अजून ७० टीबीच्या पुढे गेलेलं नाही. झीज हा घरच्या वापरात चिंतेचा विषय नाही. ड्राइव्ह एखाद्या दिवशी काहीही न सांगता गप्प होणं हा आहे, आणि त्यावर झिजेचा आकडा काही सांगत नाही.

बसवण्याबद्दल दोन शब्द, कारण इथे लोक उगाच दुकानाच्या फेऱ्या मारतात. एनव्हीएमई एसएसडी ज्या आकारात येते ती एम.२ ची पट्टी बहुतेकदा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब असते. ती तिरकी धरून स्लॉटमध्ये सारायची, मग दाबून आडवी करायची आणि टोकाला तो इवलासा स्क्रू लावायचा. मदरबोर्डचा हीटसिंक असेल तर त्याच्या खालच्या थर्मल पॅडवरचा पारदर्शक कागद सोलायचाच, नाहीतर उष्णता जायला वाट मिळत नाही आणि ड्राइव्ह तापली की वेग स्वतःहून कमी करते. दोन गोष्टी मात्र मदरबोर्डच्या पुस्तिकेत आधी वाचा. पहिली, तो स्लॉट एनव्हीएमईचा आहे की नुसता साटाचा, कारण दोन्ही ड्राइव्ह दिसायला जवळपास सारख्याच असतात. दुसरी, त्या स्लॉटमध्ये ड्राइव्ह बसवली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात का. आमच्या बोर्डावर पडतात. पुस्तिकेतल्या तक्त्यात ते स्पष्ट छापलेलं होतं, म्हणून हार्ड डिस्कची केबल आधीच दुसऱ्या पोर्टवर लावून घेतली.

आता रेड प्लस. एसएसडी इतक्या चांगल्या असताना हार्ड डिस्क कशाला, हे मला नेहमी विचारलं जातं. दहा वर्षांच्या रॉ फायली रोज लागत नाहीत, पण टाकून देता येत नाहीत, आणि तितक्याच पैशांत हार्ड डिस्कवर कितीतरी पट जागा मिळते. रेड प्लसचा सलग वेग सुरुवातीला १७५ एमबीच्या आसपास असतो आणि डिस्क भरत गेली की उतरत जातो, कारण तबकडीच्या आतल्या कडेला एका फेऱ्यात कमी मजकूर मावतो. एका फोटोसाठी तेवढा वेग पुष्कळ झाला. कॅटलॉग आणि प्रीव्ह्यू एसएसडीवर, मूळ फायली हार्ड डिस्कवर, अशी वाटणी केली की चाळताना डिस्कला हातही लागत नाही, फक्त संपादनाला फोटो उघडला की ती एकदा किरकिरते. आवाज मंद आहे. रात्री सगळं शांत असताना ऐकू येतो, त्रास होत नाही.

नावातलं ते "प्लस" मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. २०२० मध्ये उघड झालं की डब्ल्यूडी रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत, आणि तसं कुठे सांगितलेलं नव्हतं. एसएमआरमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून रचलेले असतात. जागा वाचते, पण मधला एक पट्टा पुन्हा लिहायचा तर त्याच्या शेजारचेही उचलून पुन्हा रचावे लागतात. सलग मोठं लेखन चाललं की अशी डिस्क धापा टाकते, आणि रेड (RAID) या अनेक डिस्क एकत्र बांधायच्या पद्धतीत मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून तिच्यावर मजकूर पुन्हा भरताना तर फारच. गदारोळ झाल्यावर कंपनीने नावं वेगळी केली : साधी रेड एसएमआर, रेड प्लस सीएमआर म्हणजे पट्टे सुटे असलेली. बाहेरच्या बॅकअप डिस्कसाठी एसएमआर चालते, तिथे आपण एकदा लिहून ठेवतो. कॉम्प्युटरच्या आतल्या कामाच्या डिस्कसाठी मी सीएमआरच घेईन.

मघाशी RAID या रेडचा उल्लेख आला. १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलेली ती कल्पना, अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून एक भक्कम डिस्क करायची. डब्ल्यूडीच्या रंगाचा आणि तिचा संबंध नाही. घरच्या कॉम्प्युटरवर मी ती वापरत नाही. रेड १ मध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर असतो, एक मेली तरी काम थांबत नाही. पण चुकून फोल्डर पुसला तर तो दोन्हीवरून त्याच क्षणी पुसला जातो. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर दोन्हीवरच्या होतात. दुकान चालवणाऱ्याला, ज्याचं काम तासभरही थांबून चालत नाही, त्याला ती हवी. मला काम तासभर थांबलेलं चालतं, फोटो गेलेले चालत नाहीत. रेड ० बद्दल तर बोलूच नये : दोनपैकी एक डिस्क गेली की दोन्हींवरचं सगळं गेलं.

म्हणून दुसऱ्या डिस्कचे पैसे मी बॅकअपकडे वळवले. बॅकब्लेझ ही क्लाउड बॅकअप कंपनी आपल्या डेटा सेंटरमधल्या हार्ड डिस्कची नोंद गेली अनेक वर्षं सगळ्यांसाठी खुली करते. २०२३ मध्ये त्यांच्याकडे मरण्याचं वार्षिक प्रमाण १.४० टक्के होतं. आकडा लहान वाटतो. पण शंभर डिस्कमधल्या ज्या एक-दोन जातात त्या कुणाच्या तरी घरी असतात, आणि त्या घरापुरतं प्रमाण शंभर टक्के असतं. ब्रँड बदलून ही जोखीम थोडी कमी होते, संपत नाही. ती संपते दुसऱ्या प्रतीने.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम आम्ही पाळतो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आमच्या दोन बाहेरच्या डिस्कपैकी एक टेबलाच्या खणात असते आणि एक बहिणीच्या घरी. भेट झाली की अदलाबदल. दोन्ही डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या आहेत, कारण त्यांत नवऱ्याचे हिशेबही आहेत. पासवर्ड कागदावर लिहून घरी ठेवलाय, नुसता डोक्यात नाही. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवायची, जोडलेली ठेवायची नाही. विजेचा धक्का आणि व्हायरस दोन्ही जोडलेल्या डिस्कपर्यंतच पोचतात. या कामाला मी मुद्दाम हार्ड डिस्क घेतल्या, एसएसडी नाही. फ्लॅशमधला मजकूर म्हणजे सेलमध्ये अडकवलेला विद्युतभार, तो वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहिला की गळत जातो, आणि ड्राइव्ह जितकी झिजलेली आणि जागा जितकी गरम तितका लवकर.

बॅकअप घेतल्यावर तो परत मिळतो का हे तपासणं लोक सोडून देतात. मी अधूनमधून बाहेरच्या डिस्कवरून एखादा जुना फोल्डर वेगळ्या ठिकाणी काढते आणि मूळ फायलींशी त्याचे हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारे ओळखीचे आकडे, जुळवते. कंटाळवाणं काम आहे, पण चहा होईपर्यंत कॉम्प्युटर ते आपोआप करतो.

क्रिस्टलडिस्कइन्फोचाही एवढाच उपयोग करून घ्या. हार्ड डिस्कसाठी तीन ओळी बघायच्या : ०५, सी५ आणि सी६. पहिली म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), दुसरी म्हणजे वाचता येत नसल्यामुळे ताटकळलेले, तिसरी म्हणजे दुरुस्तच न झालेले. यांतला एखादा आकडा वाढायला लागला की डिस्क बदलायची, वाट बघायची नाही. सी७ वाढला तर मात्र डिस्कला दोष देऊ नका. तो बहुतेकदा केबलचा असतो. आमच्या रेड प्लसचा सी७ दर आठवड्याला थोडा थोडा चढत होता. मुलाने जुनी सैल केबल काढून धातूच्या चापाची नवी लावली, आकडा होता तिथेच थांबला. तो पुन्हा शून्यावर येत नाही, कारण ती एकूण मोजणी असते, पण तेव्हापासून हललेला नाही.

एक छोटा यूपीएसही जोडलेला आहे. घरगुती एसएसडीत वीज अचानक गेली तर हातातलं लेखन पुरं करण्याइतका साठा नसतो, आणि लाइटरूमचा कॅटलॉग नेमका त्या क्षणी लिहिला जात असेल तर तो बिघडू शकतो.

तोटे सांगायचे तर १ टीबी आता मला कमी पडतेय. विंडोज तिला ९३१ जीबी म्हणते, कारण ती १,०२४ च्या पटीत मोजते, आणि त्यातही मी पाचवा हिस्सा रिकामा ठेवते म्हणजे लेखनाचा वेग टिकतो. मुलाचा एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे गेलाय. आज नव्याने घ्यायची असती तर ९७० ऐवजी २ टीबीची ९९० प्रो किंवा डब्ल्यूडी ब्लॅक एसएन८५०एक्स घेतली असती. चौथ्या पिढीचा वेग त्यात आपसूक मिळतो, पण माझं कारण ते नाही. दोन्हींत टीएलसी आणि डीरॅम आहे आणि दोन्हींची लेखनाची हमी १,२०० टीबीची आहे. तशी घेतली की ९७० मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये जाईल आणि तिथली एमएक्स५०० यूएसबीच्या केसमध्ये घालून मी कॅमेऱ्यासोबत नेईन, म्हणजे घरी पोचायच्या आधीच कार्डांची दुसरी प्रत तयार असेल.